नवऱ्याचा बायपोलर आजार आणि बायकोची छापून आलेली कविता

नागपूरच्या एका कवयित्री ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. लग्नाला चौदा वर्षं झाली, मुलगी अकरा वर्षांची आहे. पतींना बायपोलर आजार आहे, म्हणजे मन कधी बेफाम उसळतं तर कधी नैराश्यात बुडतं. मॅनियाचे, म्हणजे त्या बेफाम उसळीचे, दोन मोठे एपिसोड येऊन गेले, दुसऱ्या वेळी भरती करावं लागलं. त्या दिवसांत त्यांनी कर्ज काढून गाडी घेतली आणि रात्री-बेरात्री ताईंच्या कवीमित्रांना फोन करून 'माझ्या बायकोशी तुझं काय चाललंय' असं विचारलं. आता दीड वर्ष ते लिथियम या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधावर स्थिर आहेत, रोज कामावर जातात. यंदा ताईंची एक कविता दिवाळी अंकात आली. पतींनी ती वाचली आणि त्यात स्वतःला ओळखलं. 'तू माझं आजारपण विकलंस' एवढंच म्हणून त्यांनी बोलणं टाकलं. आता गोळ्याही बंद करतो म्हणतात, कारण 'मी बधिर झालोय'. सासूबाई म्हणतात, 'सून कविता करून राहिली म्हणून घराला हे लागलं.' माहेरचे म्हणतात, सोड अन् ये इकडे. साहित्यातल्या एका ज्येष्ठांनी सांगितलं की दुःख हेच कवीचं भांडवल, इंग्रजी कवी टी. एस. एलियटचं बघ. ताईंचा प्रश्न आहे: मी लिहिणं थांबवू, की हे लग्न?

ताई, मी सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे. आधी सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत आणि आता कुटुंबांच्या समुपदेशनात, अशी माझी बरीच वर्षं याच शहरात गेली. औषध लिहून देणं माझं काम नाही. गोळ्यांबद्दल पुढे जे सांगते ते तुमच्या डॉक्टरांना विचारून पक्कं करा. यजमानांना मी भेटलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी 'असं असेल तर' म्हणूनच सांगता येतील.

सासूबाईंचं आधी. बायपोलर हा मेंदूचा आजार आहे, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, आणि तो बहुधा विशी-पंचविशीच्या आसपास डोकं वर काढतो. बायकोच्या कवितेने तो होत नाही. पण सासूबाईंशी वाद घालत बसू नका. आजार आपल्या रक्तातून आला असेल ही भीती आईला फार मोठी असते, आणि ती भीती सुनेवरच्या आरोपातून बाहेर पडते. पुढच्या फॉलोअपला त्यांना सोबत न्या आणि हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. तुमच्या तोंडून ते त्यांना पटणार नाही.

आता मूळ गोष्ट. 'लिहिणं की लग्न' असा प्रश्न तुम्ही मांडलाय. मला तुमची हकिगत वाचताना दुसरंच दिसलं. दीड वर्ष ते बरे आहेत, आणि या दीड वर्षात तुम्ही दोघांनी मागच्या एपिसोडबद्दल एकदाही धडपणे बोलल्याचं तुमच्या लिहिण्यात कुठे नाही. गाडीचं कर्ज तुम्ही फेडताय, मित्रांना केलेल्या फोनची लाज तुम्ही गिळलीत, आणि घरात मात्र सगळं नीट चाललंय असं वागताय. मग चौदा वर्षांत जे बोललं गेलं नाही ते एक दिवस कवितेत उतरलं आणि छापून आलं. यजमानांना आपल्या बायकोवर काय गुजरलं हे दिवाळी अंकातून कळलं. त्यांचा राग कवितेवर दिसतो, पण जखम या गोष्टीची आहे असं मला वाटतं: सगळ्या गावाला कळलं त्याच वेळी मला कळलं.

हे तुमच्याच घरात घडतं असं समजू नका. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जोडप्यांत असंच होतं. एपिसोड चालू असताना बोलायची सोय नसते. एपिसोड संपला की बोलायची हिंमत नसते, कारण विषय काढला तर पुन्हा बिघडेल अशी भीती वाटते. बरे महिने असे दबक्या पावलांनी निघून जातात, आणि ज्या चार गोष्टी त्याच काळात ठरवायच्या असतात त्या राहून जातात. औषध, पैसा, घरातली सुरक्षितता, आणि तुमच्या बाबतीत कविता. या चारही गोष्टी बऱ्या महिन्यांत दोघांनी बसून ठरवायच्या आणि कागदावर लिहायच्या, एवढंच माझं सांगणं आहे. बाकीचं सगळं त्यातून निघतं.

पण त्याआधी अबोला सुटायला हवा, आणि त्याला मध्यस्थ नको. सासूबाई नकोत, भाऊ नको. जेवणं झाल्यावर, मुलगी झोपल्यावर, तुम्ही स्वतः बोला. मी साधारण असं सुचवेन: 'कविता छापायच्या आधी तुम्हाला दाखवायला हवी होती, ते मी केलं नाही, त्याचं मला वाईट वाटतं. पण त्यात लिहिलेलं मी भोगलंय, ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. मला ते तुमच्याशी बोलायचं होतं, भीती वाटत होती.' पुढे गप्प बसा, त्यांना बोलू द्या. त्या वेळी ते जे बोलतील त्यात तुम्हाला लागेल असं बरंच असेल, कारण ज्या घटना तुम्हाला लख्ख आठवतात त्यातल्या काही त्यांना धूसर आठवत असतील, आणि काहींची शरम त्यांना तुमच्यापेक्षा जास्त असेल. मॅनियातून बाहेर आलेला माणूस आपणच केलेल्या गोष्टी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत जगतो. कवितेने त्यांना तेच पुन्हा ऐकवलं, तेही अनोळखी वाचकांसमोर.

आता लिहिण्याचं. थांबवू नका. लिहिणं आणि छापणं यांत अंतर ठेवा. वहीत काय लिहायचं यावर जगात कोणाचा हक्क नाही, नवऱ्याचाही नाही. रुग्णाची काळजी घेणाऱ्या माणसाला स्वतःची एक जागा लागते. ती ज्यांच्याकडे नसते ती माणसं काही वर्षांत कडवट होतात किंवा स्वतःच नैराश्यात जातात, हे मी पाहत आले आहे. तुमची वही ती जागा आहे. छापायच्या वेळी मात्र दोन प्रकार वेगळे करा. 'मला त्या रात्री काय वाटलं' ही कविता तुमची. 'ते त्या रात्री काय बरळले, कोणत्या वॉर्डात होते, कोणाला फोन केले' ही हकिगत त्यांची, आणि ती त्यांना विचारल्याशिवाय बाहेर जाऊ नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 मध्ये रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्या व्यक्तीचं छायाचित्र किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देऊ नये, असंही त्यात आहे. कवितेवर कोणी खटला भरेल म्हणून हे सांगत नाही. आजारी माणसाची माहिती ही त्याची स्वतःची गोष्ट आहे, हे आता कायद्यानेही मान्य केलंय, म्हणून सांगते.

संमती कधी घ्यायची हे फार महत्त्वाचं, आणि ते सहसा कोणी सांगत नाही. मॅनिया चढत असताना विचाराल तर ते म्हणतील, 'छाप, पोस्टर लाव, सगळ्यांना कळू दे.' नैराश्यात विचाराल तर अपराधी वाटून मान हलवतील. या दोन्ही वेळचा होकार होकार धरू नका. झोप नीट आहे, कामावर जाणं सुरू आहे, बोलण्याची गती नेहमीची आहे, असे काही आठवडे सलग गेल्यावर विचारा. एक दिवस विचाराला द्या. आणि दिलेला होकार छपाईपूर्वी मागे घ्यायची मुभा त्यांना असू द्या. संपादकांना 'अजून नक्की नाही' असं सांगायला लागेल, सांगा. चांगला संपादक थांबतो.

ज्येष्ठांनी एलियटचं नाव घेतलं म्हणून त्याबद्दल. एलियट आणि व्हिव्हिएन यांचं लग्न 1915 सालचं. तिला शरीराचे आणि मनाचे आजार होते, त्यालाही होते. 1933 मध्ये तो तिच्यापासून वेगळा झाला, 1938 मध्ये तिला मनोरुग्णालयात ठेवलं गेलं आणि 1947 मध्ये ती वारली. त्या काळात तो तिला भेटायला गेला नाही. यात भांडवल कसलं, हे मला कळत नाही. पण त्या ज्येष्ठांनी न सांगितलेली एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. 1922 च्या त्याच्या 'द वेस्ट लँड' या प्रसिद्ध दीर्घकवितेत नवरा-बायकोच्या ताणलेल्या संवादाचा एक भाग आहे. व्हिव्हिएनने तो हस्तलिखितात वाचला होता, त्यावर मनापासून दाद दिली होती, स्वतःच्या सूचनाही लिहिल्या होत्या. त्यातली एक ओळ तिला नको होती. तिने काढायला सांगितली, त्याने काढली. ती ओळ गाळूनच कविता छापली गेली आणि विसाव्या शतकातल्या सर्वांत चर्चा झालेल्या इंग्रजी कवितांपैकी एक ठरली. पुढे ते लग्न मोडलंच. कवितेने ते टिकलं असं मी म्हणत नाही. पण त्या हस्तलिखितावर एकाच वेळी दोघांची अक्षरं होती, आणि एका ओळीवर बायकोचा शब्द चालला. तुमच्या घरात दिवाळी अंकाआधी हेच राहून गेलं.

आता लिथियम, कारण घाई त्याची आहे. ते स्वतःच्या मनाने अचानक बंद करणं धोक्याचं आहे. एकदम बंद केल्यावर पहिल्या काही महिन्यांत मॅनिया उलटण्याची शक्यता बरीच वाढते. बंद करायचंच ठरलं तर डॉक्टर कमीत कमी चार आठवडे, शक्यतो तीन महिन्यांपर्यंत हळूहळू उतरवतात. पण 'मी बधिर झालोय' ही तक्रार खरी माना. 'गोळ्या खा, नाटकं करू नका' असं घरात कोणी म्हणत असेल तर ते आजच थांबवा. बधिरपणाची निदान तीन कारणं असू शकतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. डोस गरजेपेक्षा जास्त असेल. लिथियममुळे थायरॉइड मंदावलं असेल, ते बऱ्याच जणांत होतं आणि त्यावर वेगळी गोळी असते. किंवा मॅनिया ओसरल्यावर उरलेलं सौम्य नैराश्य असेल, त्यात माणसाला काहीच वाटेनासं होतं. कशामुळे आहे हे तपासणीशिवाय कळणार नाही. रक्तातली लिथियमची पातळी, थायरॉइड आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन या तपासण्या गेल्या सहा महिन्यांत झाल्या नसतील तर लगेच करून घ्या. लिथियमसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी द्यायचं असतं, म्हणजे रात्रीची गोळी घेऊन सकाळी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी. नाहीतर आकडा चुकीचा येतो. स्थिर रुग्णात तो बहुधा 0.6 ते 1.0 च्या दरम्यान ठेवतात. कितीवर ठेवायचा हे डॉक्टर ठरवतील.

आणि नागपूरचा उन्हाळा. हे मी दर फेब्रुवारीत लिथियमवरच्या प्रत्येक घराला सांगते. घामातून पाणी आणि मीठ गेलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि त्याच डोसवर रक्तातली पातळी चढते. पारा 45 च्या पुढे जाणाऱ्या आपल्या गावात ही पुस्तकातली गोष्ट राहत नाही. दुपारची बाहेरची कामं टाळा, पाणी भरपूर, मीठ नेहमीइतकंच, एकदम कमी करू नका. निर्जळी उपास नको. जुलाब-उलट्या सुरू झाल्या किंवा ऊन लागलं तर पुढची गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. अंगदुखीवर मेडिकल स्टोअरमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून घेऊ नका, त्यांनी पातळी वाढते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही वाढते, म्हणून दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी लिथियम चालू असल्याचं सांगा. हात जोरात थरथरणं, चालताना तोल जाणं, जीभ जड होणं, वारंवार उलट्या, गुंगी, यांतलं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठा.

लग्नसराईचंही लक्षात ठेवा. जागरण हे मॅनिया सुरू होण्याचं फार नेहमीचं कारण आहे. रात्रीच्या वराती, नवरात्रातली जागरणं, रेल्वेचा रात्रभराचा प्रवास लागोपाठ नको. तुमची कविसंमेलनं रात्री उशिरा संपत असतील आणि ते तुम्हाला घ्यायला येत असतील, तर परतीची दुसरी सोय बघा. सलग दोन-तीन रात्री तीन-चार तासच झोप आणि तरीही ताजेतवाने, हे पहिलं लक्षण समजा. प्रत्येकाचं स्वतःचं एखादं लक्षण त्याआधीही असतं. कोणी जुन्या मित्रांना फोन लावू लागतो, कोणाला एकदम खूप खरेदी सुचते. यजमानांचं कोणतं, हे त्यांनाच विचारून लिहून ठेवा.

तो कागद असा करता येईल. दोघांनी बसून, त्यांच्या हस्ताक्षरात. मला सुरुवात होतेय हे कशावरून ओळखायचं. तसं दिसलं तर मला कोणी सांगायचं आणि कोणत्या शब्दांत, कारण 'तुम्हाला पुन्हा होतंय' असं म्हटलं की भांडण होतं. पैशाचं काय: मोठ्या खात्यावर दोघांच्या सह्या, यूपीआय आणि कार्डाची मर्यादा आधीच कमी. भरती व्हायची वेळ आली तर कुठे चालेल, कुठे नको, कोणत्या औषधाने मागे त्रास झाला. या शेवटच्या भागाला कायद्याचा आधार मिळू शकतो. 2017 च्या कायद्यानुसार कोणत्याही सज्ञान व्यक्तीला आपल्यावर पुढे कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत याचा अग्रिम निर्देश लिहून ठेवता येतो, आणि आपला प्रतिनिधी नेमता येतो. तो प्रतिनिधी तुम्हीच असाल असं गृहीत धरू नका. त्यांनी भावाचं नाव लिहिलं तर वाईट वाटून घेऊ नका. कधी कधी त्याने बायकोच्या डोक्यावरचं 'हिनेच मला भरती केलं' हे ओझं उतरतं. याच कागदावर कवितेचा नियमही लिहा.

गोळ्यांवर नजर ठेवायचं काम तुम्ही करताय असं दिसतं. 'घेतली का, दाखवा जीभ' असं रोज होत असेल तर नवरा-बायको उरत नाही, वॉर्ड होतो. आठवड्याची खणांची डबी आणा, ती त्यांनी भरायची, रविवारी एकदा दोघांनी बघायची. घरातली सततची टीका, राग आणि अतिकाळजी यांनी आजार उलटण्याची शक्यता वाढते, हे 1950 च्या दशकापासून ब्रिटनमध्ये जॉर्ज ब्राउन यांनी सुरू केलेल्या अभ्यासांतून आधी स्किझोफ्रेनियात दिसलं, पुढे बायपोलरमध्येही. यात घरच्यांना दोष द्यायचा नाही. इतकी वर्षं जागत राहिलेल्या माणसाचा आवाज चढणारच. आवाज चढायची कारणं कमी करायची, एवढंच.

मुलीला अकराव्या वर्षी बरंच कळतं. तिने फोनवरची भांडणं ऐकली असतील. 'बाबांना असा आजार आहे की कधी कधी त्यांचं मन फार जोरात धावतं, औषधाने ते ठीक राहतं, तुझ्यामुळे काही झालेलं नाही' एवढं सांगा, जमलं तर त्यांनीच सांगावं.

लग्नाचा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण त्याचं उत्तर बाहेरच्या कोणी देऊ नये. मीही देणार नाही. मात्र काही गोष्टी माहीत असाव्यात. हिंदू विवाह कायदा 1955, जो बौद्ध, जैन आणि शीख जोडप्यांनाही लागू आहे, त्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण आहे. पण आजार अशा स्वरूपाचा आणि इतका असावा लागतो की सोबत राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये. नुसतं आजाराचं नाव पुरत नाही, त्याची तीव्रता बघावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये स्पष्ट केलंय. नोकरी करणाऱ्या, औषधावर स्थिर असलेल्या माणसाबाबत 'तो वेडा आहे, लगेच मिळेल' असं माहेरी कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. आणि हा निर्णयही बऱ्या महिन्यांतलाच आहे. एपिसोडच्या धामधुमीत घेऊ नका, आत्ताच्या अबोल्यातही नको.

याला एक अपवाद आहे आणि तो ठाम आहे. मारहाण होत असेल, झाली असेल, तर आजार हे सहन करण्याचं कारण होत नाही. त्या वेळी मुलीला घेऊन आधी सुरक्षित ठिकाणी जा, 112 किंवा महिलांसाठीचा 181 लावा, कागदपत्रं आणि थोडे पैसे एका पिशवीत आधीच ठेवा. संशयाबद्दलही विचारते, कारण तुम्ही ते एका ओळीत उडवलंय. कवीमित्रांवरचा संशय एपिसोडपुरता होता आणि औषधाने गेला, तर तो आजाराचा भाग होता. तो आजही आहे, ते फोन तपासतात, संमेलनाला जाण्यावरून अडवतात, असं असेल तर हे डॉक्टरांना वेगळं सांगा, एकट्याने भेटून सांगा. झोप-मूड ठीक असताना टिकून राहणारा संशय वेगळ्या उपचाराचा विषय असतो, आणि त्यात बायकोला धोका जास्त असतो.

या आठवड्यापुरतं म्हणाल तर: आज-उद्या बोला, रक्ताच्या तपासण्या करा, फॉलोअपची तारीख लांब असेल तर अलीकडे घ्या आणि दोघं जा. डॉक्टरांची फी परवडत नसेल तर नागपुरातली मेडिकल, मेयो आणि एम्स ही सरकारी रुग्णालयं आणि प्रादेशिक मनोरुग्णालय, चारही ठिकाणी मानसोपचाराची ओपीडी आहे. रात्री कोणाशी बोलावंसं वाटलं, तुम्हाला किंवा त्यांना, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. ते गोळ्या बंद करून बसलेच असतील तर किती दिवस झाले ते डॉक्टरांना खरं सांगा. मधल्या चुकलेल्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, पुन्हा कोणत्या डोसने सुरू करायचं ते डॉक्टरच सांगतील.